एकचा शिक्का

आठवडी बाजाराला गिम्जेकडे निघालेली बस. माझ्या पुढच्या बाकावर मालसुन आणि ओक्बुन. दोघींच्याही घरचा धंदा अंड्यांचा.

"काय गं मालसुन, तुमच्या अंड्यांना एकचा शिक्का मिळाला म्हणे?"

"मिळाला बाई! पिंजऱ्यातल्यांचा तो चारचा शिक्का गेला. आता आमच्या कोंबड्या अंगणात मोकळ्या, म्हणून एकचा."

"आणि औषध?"

"पूर्वी रोज खाण्यात कालवायचो. आता आजारी पडेल तिलाच, तेही डॉक्टरांनी लिहून दिलं तर."

"अगं, मरतील की सगळ्या!"

"दाटीवाटीत मरत होत्या, ओक्बुन. आता मलाच टोचायला धावतात. पण तपासणीच्या दिवशी काय झालं! साहेब अंगणात उभे, दार सताड उघडं, आणि एक कोंबडी बाहेर येईल तर शपथ! आभाळ कधी बघितलेलंच नाही ना. मला तर रडूच फुटलं, म्हटलं गेला शिक्का."

"मग गं?"

"मग आमचे हे शिरले आत, आणि हात फडफडवत, कोंबडीसारखं कोकोदेक, कोकोदेक करत बाहेर आले."

"इश्श! गावचे प्रमुख ना ते!"

"आणि मागून सगळ्या कोंबड्या! साहेब हसून हसून मटकन खाली बसले. आता रोज सकाळी यांना नाचावंच लागतं, नाहीतर एकही बाहेर पडत नाही."

"रोज?"

"काल तर छत्री घेऊन नाचले."

दोघी डोळे पुसेपर्यंत हसल्या.

"मालसुन, आमच्या यांना पोराच्या लग्नातसुद्धा कुणी नाचताना बघितलं नाही."

"मग?"

"आमचे पिंजरे काढायला किती दिवस लागतील गं?"