बाजूनं दाखवलेला अंतिम सामना

सुमनताई, योगेश, सटाण्याहून आलेली खैरनारांची भावकी, आणि मित्रहो,

आज इथे इतकी माणसं जमली, याचं मला समाधान आहे. बोलायला उभं राहणं मात्र जड जातं आहे. बोलणं हा माझा व्यवसाय आहे. पण तो बंद गाडीत बसून, छोट्या छोट्या पडद्यांकडे तोंड करून. समोर चेहरे असताना बोलण्याचा मला सराव नाही. आणि ज्या माणसाशी मी आयुष्यात सर्वांत जास्त बोलले, तो माणूस बोलताना माझ्यासमोर कधीच नसायचा. तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, बांबूच्या उंच परांचीवर, कॅमेऱ्यामागे उभा असायचा.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी सांगितलं की वसंत खैरनार मनमिळाऊ होते. मला हे दुरुस्त करू द्या. ते मनमिळाऊ नव्हते. ते हेकट होते, तिरकस होते, आणि स्वतःच्या कामाचा त्यांना कडकडीत अभिमान होता. गेलेल्या माणसाला घासून गुळगुळीत करणं मला त्याचा अपमान वाटतो.

त्याच वक्त्यांपैकी एकानं खाली बसता बसता, माझ्याकडे न बघता, आणखी एक वाक्य उच्चारलं. "ज्यांनी त्यांना कॅमेऱ्यावरून उतरवलं, त्यांचंही देव भलं करो." हे वाक्य माझ्यासाठी होतं. या शहरात ते माझ्या पाठीमागे बरीच वर्षं बोललं जातं. आज निदान माझ्यादेखत बोललं गेलं. त्याचं उत्तर मी आज देणार आहे. स्वतःच्या बचावासाठी नाही. तो मी इतकी वर्षं केला नाही, आता काय करायचा? योगेशची लेक मोठी होईल. तिला एवढंच कळणार असेल की आजोबा कुठल्याशा भांडणात काम टाकून निघून गेले, तर ते खोटं आहे. आणि ते त्यांच्या योग्यतेचं नाही.

तरुण मंडळींसाठी थोडं मागे जाते. नव्वदच्या दशकात आपल्या शहरातल्या एका केबलवाल्यानं ठरवलं की तालुक्यांच्या क्रिकेट स्पर्धा घराघरांत थेट दाखवायच्या. रोख बक्षिसांच्या स्पर्धा होत्या त्या, मानधन घेऊन खेळणारे बाहेरगावचे खेळाडू असायचे. मी पुण्याहून चित्रणाचं रीतसर शिक्षण घेऊन आले होते. खैरनार लग्नांचं शूटिंग करत होते. पहिल्याच भेटीत मी त्यांना म्हटलं, "क्रिकेट म्हणजे अक्षता नव्हेत, चेंडू एकच असतो." ते म्हणाले, "मॅडम, लग्नातबी नवरी एकच असते. मी आजवर चुकीची दाखवली नाही."

आमचं साहित्य म्हणाल, तर भाजीच्या टेम्पोत बसवलेली नियंत्रणाची खोली, तीन कॅमेरे, आणि कुणाकडून तरी जुने विकत घेतलेले हेडफोन. त्या हेडफोनमध्ये एक उणीव होती. मी गाडीतून बोललेलं तिन्ही कॅमेरामनना ऐकू जायचं. पण त्यांना माझ्याशी बोलता येत नसे. उत्तर द्यायचं ते कॅमेऱ्यानं. होकार असेल तर कॅमेरा वर-खाली हलवायचा, नकार असेल तर डावीकडे-उजवीकडे. माझ्यासमोरच्या पडद्यावर अख्खं मैदान मान डोलवायचं, किंवा अख्खं मैदान नाही म्हणायचं. पहिल्या वर्षी खैरनारांनी आपलं चित्र घराघरांत चालू असतानाच होकार दिला. लगेच पंचवटीतून एका आजींचा फोन आला, "अहो, मैदानात भूकंप झाला का? आमच्याकडे तर कपसुद्धा हलला नाही!"

अशा रीतीनं आम्ही कित्येक हिवाळे बोललो. मी शब्दांनी, ते मैदानानं. मी रागावले की ते मला चित्र दाखवायचे: एखादं रवंथ करणारं गाढव, नाहीतर मांडवात पेंगणारे प्रमुख पाहुणे. चहा कुणाला हवा विचारलं, की उत्तरादाखल टपरीवरची उकळती किटली पडदाभर. इतर दोघे हो किंवा नाही म्हणत. खैरनार संभाषण करत.

आणि आमचं पटत नसे. फलंदाज बाद झाला की माझा नियम स्पष्ट होता: कॅमेरा विजयी गोलंदाजावर. खैरनार मात्र बाद झालेल्या माणसाच्या मागे जायचे. तो एकटा, बॅट काखेत, ग्लोव्हज काढत तंबूकडे चाललेला. आणि यांचा कॅमेरा त्याला पार खुर्चीपर्यंत पोचवून यायचा. मी ओरडायचे, "खैरनार, सोडा त्याला! सामना इकडे चाललाय!" पडद्यावर मैदान संथपणे नाही म्हणायचं. मी आजही सांगते, ते चूक होते. प्रेक्षक आनंद बघायला बसतो. पण या भांडणाची कीर्ती शहरभर पसरली, आणि पुढे तिचा उपयोग झाला.

आता त्या अंतिम सामन्याकडे येते. नवं शतक लागून थोडी वर्षं झाली होती. सामना सटाणा विरुद्ध येवला. खैरनारांचं गाव खेळणार म्हणून सटाण्याहून जीपा भरून माणसं आलेली. परांचीच्या खाली उभं राहून ती वर ओरडत होती, "वसंतभाऊ, आमले बी दखाड रे टीव्हीवर!" आणि वर वसंतभाऊ, डोक्याला मफलर, राजासारखे उभे.

दुपारच्या सत्रात मला कॅमेरा एकचं चित्र मऊ वाटलं. मऊ म्हणजे धूसर. मी म्हटलं, "खैरनार, फोकस." चित्र क्षणभर सुधारलं, पुन्हा विरघळलं. चेंडू सीमारेषेकडे गेला आणि कॅमेरा भलतीकडेच वळला. हे त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. मी चिडले, घराघरांत जाणारं चित्र क्षणभर कॅमेरा तीनवर नेलं, आणि माझं नेहमीचं वाक्य फेकलं: "खैरनार, दिसतंय का?"

हे वाक्य मी दिवसातून अनेकदा म्हणत असे. ते टोमणा होतं, प्रश्न नव्हता. त्याला उत्तर द्यायची पद्धत नव्हती.

त्या दिवशी उत्तर आलं. मैदान डावीकडे गेलं. मग उजवीकडे गेलं. अगदी सावकाश. मग स्थिर झालं.

मित्रहो, मधुमेहानं त्यांच्या डोळ्यांचा पडदा किती दिवस खाल्ला होता, ते मला माहीत नव्हतं. ते कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी ते सगळ्यांपासून लपवलं, आणि ज्या क्षणी त्यांच्यामुळे चित्र बिघडायला लागलं त्या क्षणी, कुणी न पकडता, स्वतः होऊन सांगितलं. जगात ते फक्त मी पाहिलं. गायकवाड, तुम्ही टेप सांभाळायला गाडीतच होतात. पण तुमचं तोंड टेपच्या यंत्राकडे होतं. तुम्ही हे आज पहिल्यांदा ऐकता आहात.

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? नियमानं त्यांना खाली बोलवायचं आणि दुसरा माणूस वर चढवायचा. म्हणजे सटाण्याच्या सगळ्या गर्दीसमोर, भर सामन्यात, वसंतभाऊंनी शिडी उतरायची. कॅमेरा एक हा गोलंदाजाच्या मागचा, मुख्य कॅमेरा. त्याच्याशिवाय क्रिकेट दाखवणं म्हणजे माणसाचा चेहरा सोडून कान दाखवणं. मला हे कुणी शिकवायला नको.

मी कॅमेरा दोन घेतला. बाजूचा. आणि उरलेला संपूर्ण अंतिम सामना मी बाजूनं दाखवला.

पण हेडफोनवर तिघेही ऐकत होते. मी कॅमेरा एकशी बोलणं थांबवलं असतं, तर बाकीच्यांना कळलं असतं. म्हणून मी बोलत राहिले. "कॅमेरा एक, छान. धरून ठेवा. थोडं रुंद करा. सुरेख, खैरनार." जे चित्र मी एकदाही घेतलं नाही, त्याचं मी दिवस मावळेपर्यंत कौतुक करत होते. ज्यांनी माझ्याबरोबर काम केलं आहे, त्यांना ठाऊक आहे, मी कौतुक करत नाही. आणि तेही वर उभे राहून, न दिसणाऱ्या मैदानावर कॅमेरा फिरवत होते, कारण खालून गावची माणसं बघत होती. त्या गाडीत माझ्या शेजारी माणसं होती. इतकं एकटं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. तिथे वर त्यांनाही वाटलं असेल.

केबलमालकांचा फोन आला. "मॅडम, आज मॅच आडवी का दाखवताय? लोक शिव्या घालताहेत!" मी म्हटलं, "उन्हाची तिरीप समोर येते आहे." सटाण्याचा शेवटचा गडी पायचीत झाला. तो चेंडू यष्टीवर जात होता की नाही, हे बाजूनं कोण सांगणार? सटाणा हरलं. दुसऱ्या दिवशी पेपरात माझ्या नावाचा उद्धार झाला. शहरातल्या प्रत्येक पानाच्या गादीवर एकच चर्चा, बाईंनी फायनल घालवली. माझ्या कारकिर्दीतलं ते सर्वांत वाईट प्रक्षेपण आहे. माझ्या नावावर आहे. ते मी कुणाला देणार नाही.

सामना संपल्यावर खैरनार टेम्पोच्या पायरीवर येऊन बसले. बराच वेळ मफलरची घडी करत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, उद्यापासून मी नाय येणार."

मी म्हटलं, "डॉक्टरांना दाखवू. मुंबईला चला."

"ते दाखवू. पण लोकांना काय सांगायचं? आंधळा झाला म्हणून कीव करत येतील. मला नाय चालणार."

"मग?"

"सांगू, भांडण झालं. सगळ्यांना पटंल."

"कशावरून भांडण?"

तेव्हा ते हसले. "आपल्याला कधी कारण लागलं का, मॅडम?"

मी कबूल झाले. आणि एकदा कबूल झाल्यावर काम नेटकं करायचं, हा आम्हा दोघांचा स्वभाव. भांडण खरं वाटायचं तर बोलणं बंद हवं. ते बंद झालं. खैरनार योगेशच्या दुकानात गल्ल्यावर बसू लागले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, "त्या बाईबरोबर काम करण्यापेक्षा कांद्याच्या गोणी उचलाव्या." ते माझ्या कानावर यायचं. मनातल्या मनात मी म्हणत असे, बरं वठवता आहात.

या सगळ्या वर्षांत आमचं एक संभाषण झालं. एका सकाळी गोदाकाठच्या भाजीबाजारात मी मेथीचा भाव विचारला. शेजारी काळा चष्मा लावून खैरनार उभे होते. त्यांना मी दिसले नाही. पण आवाज ऐकताच त्यांची मान माझ्याकडे वळली. चेहरा उजळला. आणि मग, भाजीवालीला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाले, "मावशे, यांना जुड्या नीट उलगडून दाखव. या बाईंना काही पसंत पडत नाय."

मी म्हटलं, "पारखून घेण्याची सवय आहे मला."

"म्हायतीये," ते म्हणाले. "सगळ्या शहराला म्हायतीये."

मी मेथी घेतली आणि निघाले. बस, एवढंच. मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी त्यांना कळलं नसतं, हे पुलापर्यंत आल्यावर माझ्या लक्षात आलं.

परवा सुमनताई माझ्या घरी आल्या. मला वाटलं होतं, त्या जाब विचारतील. त्या म्हणाल्या, "मॅडम, मला सगळं ठाऊक आहे. घरात पाहुणा आला की हे तुमच्या नावानं बोटं मोडायचे. पाहुणा गेला की म्हणायचे, सुमे, मॅच लाव. मग मी शेजारी बसायची आणि सांगायची, आता गोलंदाज दाखवला, आता लोक दाखवले. हे म्हणायचे, बाईंनी उशीर केला. नाहीतर म्हणायचे, आता बरोबर." मग त्यांनी डोळे पुसले. "आता ते नाहीत, तर तुमच्यावरचा आळ तरी कशाला राहू द्यायचा? सभेत सांगा."

मला हे माहीत नव्हतं, सुमनताई. नव्या मुलांना घेऊन मी सामने करत होते. ती मुलं गुणी आहेत. मी सांगेन ते करतात, एकही नाही म्हणत नाही. त्या गाडीत बसून मला वाटायचं, हे पारखणारं आता कुणी उरलं नाही. आणि तिकडे एका घरात, चित्र न बघता, माझा उशीर कुणीतरी धरत होतं.

तर मित्रहो, वसंत खैरनारांना कुणी उतरवलं नाही. ज्या कॅमेऱ्याखेरीज त्यांच्यापाशी दुसरं वैभव नव्हतं, तो त्यांनी स्वतः, शुद्धीत, भर सामन्यात दिसत नाही असं सांगून सोडला. कारण धूसर चित्र लोकांना दाखवणं त्यांना मान्य नव्हतं. एवढं योगेशच्या लेकीला सांगा. जसंच्या तसं सांगा.

आता आपण उभे राहू या. अशा वेळी मौन पाळण्याची रीत आहे. खैरनारांना आणि मला ते नवं नाही. एकाच शहरात राहून आम्ही दोघांनी ते वर्षानुवर्षं पाळलं. रस्त्यात, बाजारात, लग्नाच्या मांडवात. त्यांच्या बाजूनं ते आता कायमचं झालं. माझ्या बाजूनं मी ते आज मोडलं. यापुढचं मला एकटीनं पाळायचं आहे, आणि त्याची मला सवय नाही. थोडा वेळ तुम्ही माझ्याबरोबर पाळा.