जहाजात पाणी तेच भरतात

मी घसा फोडून सांगत होती, पण कुणाचा माझ्यावर विश्वासच नाई! माझा पोरगा प्रफुल समुद्रातल्या तेलाच्या विहिरींवर अवजड वजनं उचलणाऱ्या क्रेनच्या जहाजावर आहे. त्या दुपारी दीर मोबाइल घेऊन धावत आले.

"वयनी, प्रफुलचं जहाज बुडून राह्यलं!"

व्हिडिओत जहाज खरंच खाली चाललं होतं.

मी म्हटलं, "भाऊजी, वजन उचलाच्या आधी तेच लोक आत पाणी भरतात, जहाज डुलू नये म्हणून. आपण नदीवर रिकाम्या डोंग्यात गोटे नाई टाकत का?"

"गोटे वेगळे, पाणी वेगळं!"

प्रफुलचा फोन बंद. बाया जमल्या, एकीनं तर सूरच लावला. "रडाचं असन त आपल्या घरी रडा!" मी ओरडली, पण मीही प्रफुलचा नंबर पुन्हा पुन्हा लावत होती.

संध्याकाळी फोन आला. "आई, काम सुरू होतं, फोन जमा केले होते. जेवली का?"

"आता जेवीन," मी म्हटलं. मग इचारलं, "काकाले व्हिडिओ कोनं धाडला?"

"मीच, फोन जमा कराच्या आधी. खाली लिवलं बी होतं, जहाज खाली चाललं म्हणून."

बाया अजूनही दिराले दोष देतात. मी नाई देत. गुन्हेगार एकच, आमचा प्रफुल्या!