पाय माझा, विचारतंय कोण

…नाही, पण पाय कोणाचा होता? माझा ना? मग तो ठेवायचा की कापायचा, त्यात कुठून काय काढून कुठं घालायचं, हे ठरवायला कोचकोर गावापासून नारीन शहरापर्यंतची माझी सगळी सासुरवाडी कशाला पाहिजे होती? तुम्हाला सांगतो, जन्मभर डोलोन घाटातून ट्रक चालवला, एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात सिगारेट, ती विझायच्या आत तिच्यावरच दुसरी पेटवायची… तर व्हायचं तेच झालं, उजव्या पायाच्या रक्तवाहिन्या चोंदल्या. आधी बाजारापर्यंत गेलं की पोटरी धरायची, मग फाटकापर्यंत, मग नुसतं बसलं तरी. पाऊल थंडगार, बधिर, वर्षानुवर्षं, आणि आता करंगळी काळी पडायला लागली. आमच्या तालुक्याच्या डॉक्टरनं पाहिलं, चष्मा पुसला आणि म्हणाला, गुडघ्याखालून काढून टाकू. टायर काढावं तसं म्हणाला हो! मी घाबरलो, खोटं कशाला सांगू? घरी येऊन भिंतीकडे तोंड करून रडलो.

तर माझी बायको, बुरमाकान, तिनं मला उचललं आणि राजधानीला, बिश्केकला नेलं. तिथं डॉक्टर आयजार्किन. माझ्या धाकटीच्या वयाची पोरगी, पण आवाज असा की आपण आपोआप सरळ बसतो. मला बाइके, म्हणजे दादा, म्हणत ती म्हणाली, एक नवा उपचार करून बघतोय, खात्री देत नाही. तुमच्याच खुब्याच्या हाडातला थोडा मगज काढायचा, त्यातल्या काही पेशी वेगळ्या करायच्या आणि पोटरीत जागोजागी टोचायच्या. त्या अजून होऊ घातलेल्या पेशी असतात, कुणी म्हणून पक्क्या झालेल्या नसतात, जिथं रक्त पोचत नाही तिथं त्या नव्या बारीक वाहिन्या उभ्या करायला हातभार लावतात. गुरुवारी या. गुरुवार चुकला तर पुढची पाळी उन्हाळ्यात, आणि तोवर ही करंगळी एकटी जाणार नाही, पायाला घेऊन जाईल. आणि सिगारेट आजपासून बंद, धुरानं त्या पेशी आधीच अर्ध्या मेल्यात.

झालं. मला पटलं. पण पाय माझा, विचारतंय कोण?

बुरमाकाननं थोरल्या भावाला फोन केला. तोक्तोमुश बाइके. आमच्या सासुरवाडीत मेंढी कापली की कुठलं हाड कुणाच्या ताटात, हे तो ठरवतो. खुब्याचं हाड सगळ्यात थोरल्याला, नळी खालच्या लोकांना, आणि यात इकडचं तिकडं झालं की माणसं जेवण सोडून उठतात, पुढं लग्नाला येत नाहीत. तर त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग अगदी हळू आवाजात, "खुब्यातलं काढून पोटरीत? थोरल्यांचा वाटा खालच्यांना?"

मी फोनला कान लावूनच होतो, म्हटलं, बाइके, हे जेवण नाही, ऑपरेशन आहे. तो म्हणाला, जेवणात चालत नाही ते ऑपरेशनात कसं चालेल? मान दिलेल्याला उठवून दाराशी बसवलं तर तो काम करेल का? रुसेल. तुझ्या पोटरीत रुसून बसेल. आणि काय सांगू, तोवर हसत होतो, पण त्या रात्री मलाही वाटायला लागलं… पेशी रुसल्या तर?

गुरुवारी सकाळी मी दवाखान्यात पालथा पडलोय, पाठ उघडी, आणि बाहेर तोक्तोमुश बाइके, दोन मेहुणे, एक म्हातारी मावशी आणि उकडलेली अख्खी मेंढी. थोरल्यांचा होकार नाही तोवर सुई लावायची नाही म्हणे. वर हा गृहस्थ डॉक्टरला सांगतो, घ्यायचंच असेल तर माझ्या खुब्यातलं घ्या, मी वयानं मोठा आहे. डॉक्टर म्हणाली, दुसऱ्याचं याच्या अंगाला चालणार नाही. झालं, रुसला. म्हणजे माझा खुबा कमी प्रतीचा का? तिकडं यंत्र लावून ठेवलेलं, नर्स घड्याळाकडे बघतेय, दुपारी दुसरा पेशंट, आणि इकडं खुब्यांची इभ्रत. पाय माझा, विचारतंय कोण? मी पालथा.

तेव्हा आयजार्किन बाहेर गेली. दार उघडंच होतं, मी ऐकलं. म्हणाली, "बाइके, मी थोरल्यांना हलवत नाहीये. या पेशी म्हणजे त्या घरातल्या चहा ओतणाऱ्या पोरी आहेत. जिथं काम पडलंय तिथं त्यांनाच पाठवतात ना? काही तिथंच राहून वाहिनीची भिंत होतील, बहुतेक जणी नुसत्या हाका मारून शेजारपाजारचे जमवतील, आणि काम ते शेजारी करतील."

तोक्तोमुश बाइकेनं मान डोलावली. मग म्हणाला, मग पोरींना कशाला अडवायचं? जाऊ देत. तळवे वर करून आशीर्वाद दिला, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले, नर्सनंसुद्धा. मग सुई. ती दुखली. त्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

पुढचे आठवडे काहीच नाही. डॉक्टरचा हुकूम, दुखेपर्यंत चाला, थांबा, परत चाला, पाय मागेल तेव्हाच पेशी हलतील. मी चालायचो, बुरमाकान मागून, माझे खिसे चाचपत. अंधार पडला की पाऊल हातात धरून बसायचो. थंड. परत थंड. मनातल्या मनात त्या पोरींना म्हणायचो, अगं बायांनो, एक तरी हाक मारा.

आणि एके दिवशी पाऊल गरम लागलं. मला वाटलं चुलीजवळ होतं म्हणून. नव्हतं! करंगळीचा शेंडा गेला, पण पाय राहिला. पडद्यावर दाखवलं डॉक्टरनं, चोंदलेल्या वाहिनीच्या बाजूनं गवताच्या मुळांसारख्या बारीक रेघा. मी तिचा हात धरला आणि सोडेचना.

मग मोठं जेवण. लांबलचक टेबल, सगळी सासुरवाडी. तोक्तोमुश बाइके उठला आणि सांगायला लागला की पाय वाचला तो त्याच्या आशीर्वादानं, डॉक्टरला काही सुचत नव्हतं, त्यानंच मार्ग काढला. आता हे मी ऐकून घेऊ? तोंड उघडलं, आणि टेबलाखाली कुणीतरी माझं उजवं पाऊल कचकन दाबलं. बघतो तर बुरमाकान. म्हटलं, पाय का दाबतेस?

ती माझ्याकडे बघतच राहिली. "अहो… लागलं तुम्हाला?" डोळे भरले तिचे. "पाच-सहा वर्षं दाबतेय. प्रत्येक जेवणात. मला वाटायचं, मुद्दाम ऐकत नाही, मुद्दाम भांडता."

म्हणजे बघा, इतकी वर्षं मी सासुरवाडीच्या एकेकाला तोंडावर जे काही बोललो, ते सगळं बधिर पायामुळे. आता बोटन् बोट जिवंत आहे, मी तोंड उघडायच्या आत तिचा जोडा तिथं पोचतो.

पाय आला हो परत. तोंड गेलं.