दीवच्या बंदरात भोंगा वाजला नाही

दीवले फिराले जाल तं आपल्या गावच्या रफिकले संगं नेऊ नका, एवढंच सांगतो. बेट लहान हाये, पायीच पाहू म्हने. सकाळपासून तंगड्या तोडत किल्ला पाह्यला, गल्ल्या पाह्यल्या अन् दुपारी बंदरात आलो. तिथं पानीच नव्हतं, नावा गाळात कलंडून पडल्या होत्या. रफिकनं नव्या चपला एका नावेखाली काढल्या अन् आम्ही दोघं वर चढून आडवे झालो.

डोळे उघडले तं नाव डुलून राह्यली, चारी बाजूनं पानी अन् चपला गायब!

धक्क्यावर एक कोळी उभा होता. रफिक त्याच्यावर ओरडला, "अरे भाई, पानी छोडने के पहले भोंगा तो बजाना था!" आपल्याइकडे धरनाचं पानी सोडताना वाजवतात ना, तसा.

कोळी हासला. "चाचा, ये समंदर है. दिन में दो बार अपने आप आता है."

रफिक चपलाच इसरला. मंग माह्या कानाशी येऊन म्हने, "आपोआप कुठं येते बे पानी? आपल्या नळाले दहा फोन केल्यावर पंधरा दिवसानं येते. याईचं पानी सोडनारा कोन हाये, त्याचा नंबर घे!"