चाळीस हरभरे

…आणि मला म्हणतो कसा, ‘काकू, सॉरी, पण तुम्ही मेलात, आता तुम्हाला बोलता येणार नाही.’ बरं, म्हणणारा कोण, तर शंतनु, माझ्या मुलाचा मित्र, पुण्याहून आलेला, माझ्याच सतरंजीवर मांडी घालून बसलेला, संध्याकाळी माझ्या हातची पातोड्यांची भाजी तीनदा वाढून घेतलेला. तो मला माझ्या घरात सांगतो, की तुम्ही मेलात म्हणून गप्प बसा. बसले मी गप्प. आणि दोन मिनिटांनी तोच म्हणतो, ‘काकू, थोडा चहा मिळेल का?’ आता तुम्हीच सांगा, मेलेल्या माणसानं बोलायचं नाही, पण चहा मात्र टाकायचा… हा कुठल्या गावचा नियम? आणि काही म्हणायला जावं तर आमचे चिरंजीव आहेतच वरून, ‘आई, खेळ आहे गं हा.’

खेळ आहे म्हणे.

नाही, तुम्हाला सांगते, मला पत्त्यांचं वावडं नाही. माहेरी, वडनेर भोलजीला, आम्ही बहिणी उन्हाळ्यात दुपार दुपार मेंढीकोट खेळायचो, भांडायचो, झिंज्याही धरायचो एकमेकींच्या. पण हे पत्ते तसले नव्हेत. यात बदाम नाही, किलवर नाही, राजा-राणी नाही. यात लांडगे, अजगर, जखमा भरणाऱ्या म्हाताऱ्या, आग ओकणारे रेडे. प्रत्येकाचा जुडगा वेगळा, आणि प्रत्येक पत्ता प्लास्टिकच्या पिशवीत, आपण रेशनकार्ड ठेवतो ना जपून, तसा. आणि खेळायच्या आधी दीड तास नुसती अदलाबदल. ‘तुझा तो रेडा दे, माझे हे दोन साप घे.’ ‘रेड्याला दोन साप? वेडा आहेस का?’ एवढी घासाघीस तर मलकापूरच्या बाजारात बैलाची होत नाही. मी कौतुकानं एक पत्ता उचलायला गेले तर आरोही, शंतनुसोबत आलेली त्यांची मैत्रीण, गोड हसून म्हणाली, ‘काकू, हात धुऊन घ्याल?’ घेतले बाई धुऊन.

पण मी तिथं बसले कशी, ते सांगते. आमच्या ह्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सोमवारी ठरलेलं, खामगावला. आल्हादला पुण्याला फोन केला, म्हटलं, आठ महिने झाले आला नाहीस, निदान यासाठी ये. तो म्हणाला, ‘आई, बाबांच्या ऑपरेशनसाठी येतोच.’ मला किती बरं वाटलं! आणि आला कधी, तर शनिवारी सकाळी. जाणार कधी, तर रविवारी दुपारच्या गाडीनं. ऑपरेशन सोमवारी, आणि ऑपरेशनसाठी आलेला मुलगा रविवारी परत. लग्नाच्या आदल्या दिवशी अहेर ठेवून निघून जाणारा पाहुणा पाहिलाय का कधी? मी पाहिला. मी जन्माला घातला. आणि एकटा नाही आला, सोबत हे दोघं, आणि पाठीवरच्या पिशवीत कपडे कमी न पत्ते जास्त.

मी दिवसभर मागे लागले, थांब रे, यांना त्या डोळ्यानं दिसत नाही, एस.टी.त चढता-उतरता कोण धरणार, तिथं कागदावर सही कोण करणार. तर म्हणे, ‘सोमवारी अजिबात शक्य नाही गं, ऑफिसमध्ये फार काम आहे.’ अजिबात शक्य नाही, हे शब्द ध्यानात ठेवा.

रात्री या तिघांनी खेळ मांडला. चौथा गडी होता नांदुऱ्याचा सागर, आल्हादचा शाळेपासूनचा मित्र. त्याचा ऐन वेळी फोन, सगळ्या खोलीत ऐकू जाईल असा, ‘बे आल्हाद, मी येऊन नाही राह्यलो बे, घरी पाहुणे आले.’ झालं. तिघांची तोंडं उतरली. चौघं असल्याशिवाय मजा नाही म्हणे. मग तिघांनी इकडेतिकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं, तर हे एक डोळा मिटून बातम्या पाहत बसलेले… आणि मग सगळ्यांची नजर आली माझ्यावर. घरातली जुनी पायली जशी दिसते ना, धान्य मोजायला दुसरं काही नसलं की, तशी.

मी म्हटलं, बसते, पण मी जिंकले तर? आल्हाद खो खो हसला. म्हणाला, ‘तू जिंकलीस तर सोमवारी थांबतो. मीच नेतो बाबांना. प्रॉमिस.’ दोघांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटली गंमत. मी मात्र कंबरेला पदर खोचला.

तर प्रत्येकाला चाळीस जीव. ते तिघं मोबाइलवर मोजणार, मला त्यातलं काय दिसतं, मी आपले वाटीत चाळीस हरभरे मोजून घेतले. आपली पाळी आली की आपली जनावरं दुसऱ्यावर सोडायची, ती त्याचे जीव कमी करतात. मात्र जे जनावर मारायला गेलं ते दमतं, ते आडवं ठेवायचं, मग आपल्या पुढच्या पाळीपर्यंत ते घर राखायला नाही. सोपं आहे. ज्याचे जीव संपले तो मेला. आणि शेवटी एकच उरतो.

माझी पहिली पाळी आली. आरोही म्हणाली, ‘काकू, तुमचा लांडगा मोकळा आहे, मारा ना कोणाला तरी.’ मी पाहिलं. कोणाला मारू? शंतनु पाहुणा. ती स्वतः पाहुणी, पहिल्यांदा आमच्या घरी आलेली, परक्याची लेक, तिच्या अंगावर जेवण झाल्या झाल्या लांडगा सोडू? आपल्याकडे दारात आलेल्याला गुळपाणी देतात. उरला आल्हाद, तो पोटचा. मी म्हटलं, राहू द्या, बसू दे लांडग्याला घरी. पुढे एका पाळीला जखमा भरणारी म्हातारी आली, तिनं कोणालाही पाच जीव देता येतात. मी दिले आरोहीला. बिचारीचे नऊच उरले होते आणि भाकरीसुद्धा अर्धीच खाल्ली होती तिनं. आल्हाद कपाळावर हात मारून, ‘आई, ती शत्रू आहे तुझी!’ म्हटलं, असेल बाबा, पण उद्या डब्यात काय देऊ ते आधी विचार तिला.

तर झालं काय, मी कोणाला मारेना, म्हणून मलाही कोणी मारेना, सुरुवातीला दोन हरभरे गेले तेवढेच. ते तिघं एकमेकांचे गळे कापतायत, करार करतायत, मोडतायत. हा खेळ पत्त्यांचा नाहीच, तुम्हाला सांगते, तोंडाचा आहे. ‘तू मला मारू नको, मी तुला तीन पाळ्या मारत नाही’ असं म्हणायचं, आणि दुसऱ्याच पाळीला मारायचं. आणि मग काय म्हणायचं? खेळ आहे. मध्येच आरोही म्हणाली, काकूंवर सोडू का साप? तर शंतनु म्हणाला, ‘काकूंना कशाला, त्या काही करतच नाहीत.’

काही करतच नाहीत. तीस वर्षं ऐकतेय हे वाक्य, पण पत्त्यांतही ऐकावं लागेल असं वाटलं नव्हतं.

दीड वाजला. शंतनुनं आरोहीला मारलं, ती पाय पसरून मोबाइल घेऊन बसली. उरलो तिघं. आल्हादनं सहज विचारलं, ‘आई, तुझे किती राहिले?’ मी वाटी मोजली. म्हटलं, अडतीस. आल्हादचे चार उरलेले, शंतनुचे अकरा, आणि माझे अडतीस, आणि माझ्यासमोर सहा जनावरं, एकालाही ओरखडा नाही. त्या रात्री पहिल्यांदा तिघांनी माझ्याकडे नीट पाहिलं. आल्हादनं तर आठ महिन्यांत पहिल्यांदा.

आणि त्याच पाळीला माझ्या हातात आला तीन डोक्यांचा अजगर. दहाचं बळ. आल्हादसमोर एक जनावर उभं नाही, सगळी दमून आडवी. आरोही मेलेली, तरी उठून बसली, ‘काकू, आल्हादला मारा, जिंकलात तुम्ही!’ तिलाही सांगितलं शंतनुनं, मेलेल्यांनी बोलायचं नाही. पण मला दिसलंच होतं. आल्हाद गेला की एकटा शंतनु माझ्यापुढे किती टिकणार? म्हणजे सोमवार माझा होता.

आणि तेव्हा, तुम्हाला सांगते, अजगर हातात धरून माझ्या डोक्यात उजेड पडला. अरे, हा सोमवार पत्त्यांवर लावतो म्हणजे याच्याजवळ सोमवार आहे! ज्याच्याजवळ नाही तो लावेल कसा? अजिबात शक्य नाही म्हणत होता ना? म्हणजे शक्य होतं. खिशात होतं. फक्त आईनं मागितलं म्हणून द्यायचं नव्हतं, आईनं जिंकून घ्यायचं होतं.

असा राग आला मला. म्हटलं, घेतेच जिंकून. उचलला अजगर.

आणि आल्हाद, दिवसभर पाहुण्यांसमोर ‘मला, तुला, तिकडे’ असं पुस्तकासारखं बोलणारा, मलाही तसंच बोलायला लावणारा आल्हाद, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, ‘माय, मले नको मारू वं. शंतनुले मार. मंग आपण दोघंच राह्यतो.’

माय म्हणाला. पुण्याला गेल्यापासून सहा वर्षांत पहिल्यांदा. लहानपणी ताप आला की असाच हात ठेवायचा.

सोडला मी अजगर शंतनुवर. नुसता अजगर नाही, सहाही जनावरं सोडली. पाहुण्यावर. जेवू घातलेल्या पाहुण्यावर. त्यानं कुठून तरी एक ढाल काढली आणि एका जीवावर वाचला. माझी सगळी जनावरं आडवी पडली.

मग आल्हादची पाळी. त्यानं एक पत्ता टाकला, मघापासून हातात धरून बसला होता म्हणे. त्या पत्त्यानं दुसऱ्याची दमलेली सगळी जनावरं आपल्याकडे येतात, एका पाळीपुरती, आणि दुप्पट बळानं लढतात. कोणाची दमलेली होती? माझी. कोणावर सोडली? माझ्यावर. रात्रभर मी राखलेली, एकालाही दुखवू न दिलेली जनावरं, माझा लांडगा, माझा अजगर… अडतीस हरभरे एका दमात गेले. वाटी रिकामी. मी नुसती पाहत राहिले. आणि तो परत पुस्तकासारखं बोलायला लागला, ‘आई, असं काय बघतेस, खेळ आहे गं हा.’

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मी शंतनुला सांगायला गेले, की बाबा रे, जपून राहा याच्यापासून, तर त्यानं मला मेलात म्हणून सांगितलं. मग चहा. मी चहा गाळेपर्यंत शंतनुही मेला. दोन वाजता हे पाणी प्यायला उठले, एका डोळ्यानं आमच्याकडे पाहत म्हणाले, ‘काऊन वं, कोण जिंकलं?’ म्हटलं, तुमचा लेक. ‘हाव? मंग चांगलं आहे न.’ आणि गेले झोपायला.

कप विसळताना मी आल्हादला म्हटलं, हरले रे मी, पण थांब ना तरीही. तर कसा म्हणाला, अगदी सरळपणे, काही कपट नाही मनात, ‘आई, ठरलं होतं ना आपलं? तू जिंकली असतीस तर शंभर टक्के थांबलो असतो.’ शब्दाचा पक्का आहे माझा मुलगा. सांगते ना मी सगळ्यांना.

ते चाळीस हरभरे, आणखी दोन वाट्या घालून, भिजत टाकले. सकाळी उसळ केली, पोळ्या केल्या, तिघांचे डबे भरले. शंतनुच्या डब्यात जरा जास्तच घातली, माझ्या हातून मार खाल्ला होता पोरानं. स्टेशनवर गाडी हलली तेव्हा आल्हाद दारातून ओरडून सांगत होता, आई, पुढच्या वेळी कोणावर विश्वास ठेवू नकोस. गाडीतल्या सगळ्यांनी ऐकलं. काय वाटलं असेल लोकांना?

सोमवारी मी आणि हे, एस.टी.नं खामगाव. चढताना कंडक्टरनं धरलं यांना, उतरताना एका कॉलेजच्या पोरीनं. कागदावर सही मी केली. सिस्टरनं विचारलं, सोबत मुलगा वगैरे नाही का? म्हटलं, आहे ना, शनिवारीच येऊन गेला.

संध्याकाळी फोन आला त्याचा. बाबांचं नीट झालं का, पट्टी कधी काढणार, थेंब किती वेळा, सगळं विचारलं, मायेनंच विचारलं, नाही म्हणत नाही मी. आणि शेवटी म्हणाला, ‘आई, रागावू नकोस ना. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी नक्की येतो, नक्की.’

म्हटलं, ये बाबा. पण देवानं तुझ्या बापाला दोनच दिलेत, तिसऱ्याच्या भरवशावर राहू नको.