हिरव्या सायकलची घंटी

माननीय अध्यक्ष जयप्रकाश पेंडसे, व्यासपीठावरील पाहुणे, आजची मानकरी लतिका, हूफडॉर्प-हार्लेमहून वेळेवर आलेले सभासदहो, आणि उशिरा आलेलेही,

लतिका तिथल्या मिकमॉ या मूळ रहिवासी लोकांच्या इतिहासावर संशोधन करायला पुढच्या आठवड्यात कॅनडाला चालली. मला मात्र तिचा इथला पहिला हिवाळा आठवतो. आपलं मराठी मंडळ तेव्हा पंचवीस घरांचं. उसना हॉल, घरून आणलेले डबे, आणि नव्यानं आलेल्या बायकांना वापरायला जुन्या सायकली. किती छान दिवस होते! चिटणीस मी, अटही माझीच: इथली भाषा यावी म्हणून शनिवारी सकाळी डचच्या वर्गाला यायचं. तीनदा गैरहजर, तर सायकल परत. लतिकाला हिरवी मिळाली. तीन शनिवार ती आली नाही. मी तिच्या दारातून सायकल घेऊन आले. तिनं कुलपाची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

गेल्या वर्षी याच हॉलमध्ये तिनं आपला प्रबंध समजावला. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचं, एकोणिसाव्या शतकातलं नोव्हा स्कॉशिया. मिकमॉंच्या जमिनी ब्रिटिश वसाहतीनं बळकावल्या आणि मदत म्हणून ब्लँकेटं नि बियाण्याचे बटाटे दिले, तेही तुटपुंजे. अपेक्षा ही, की त्यांनी एका जागी राहून शेती करावी. ते हंगामाप्रमाणे मासेमारीला, शिकारीला जात. परतल्यावर राखीव जमिनीवरही कुणा गोऱ्याचं कुंपण! वर सरकारी शेरा: हे लोक स्थिर होत नाहीत.

मी सवयीनं उठले. "मदतीला अट घातली तर बिघडलं काय?"

"काकू, ते जातात कुठं, हे आधी विचारायला नको?" लतिका म्हणाली.

मागून आमचा ईशान ओरडला, "आई, बस खाली! सायकल आठव!"

सगळे हसले. मीही हसले, घरी पोचेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी लतिकाला फोन केला. तेव्हा कळलं, त्या हिवाळ्यात शनिवारी ती हार्लेमच्या बेकरीत कामाला जायची. सायकल गेल्यावर पहाटे थंडीत बसची वाट पाहत उभी राहायची. आणि डच? तिथंच शिकली. आज माझ्याहून बरं बोलते.

एका सायकलीची तुलना मी हिरावलेल्या मुलखाशी करत नाही, तेवढं भान आहे. पण शेरा लिहिणारा तो हात मला ओळखीचा वाटला.

निरोपाची भेट म्हणून समितीनं ब्लँकेट सुचवलं. मी नको म्हटलं! यंदा आधी लतिकालाच विचारलं. म्हणाली, "त्या हिरव्या सायकलची घंटी आहे का हो अजून?"

होती. ही घे, लतिका. अट कोणतीही नाही.

अध्यक्षांचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात काही उणं राहिलं असेल, तर सभेनं पोटात घालावं. त्या तीन शनिवारांची क्षमा मात्र, लतिका, मी तुझ्याकडे मागते.