चार दिवस हिरवं

(लातूर. कोचिंग क्लासच्या संचालकांची केबिन, सकाळचे अकरा.)

उमाशंकर सर : आवाज खाली, ताई. शेजारी वर्ग चालू आहे.

शिवगंगा : चालू द्या. माझी मंजुषा दवाखान्यात पडून हाय. डॉक्टर म्हनले, अजून एक दिवस गेला असता तर हाताला लागली नसती.

उमाशंकर सर : डेंग्यू आमच्या क्लासमुळं झाला का?

शिवगंगा : सोमवारपासून पोरगी तुमच्या हॉस्टेलात तापानं फणफणली. खोलीतल्या पोरी गावाला गेलेल्या. शुक्रवारी झाडणाऱ्या बाईनं दार ढकललं, तवा कळलं. पोरींचे फोन तुमी जमा करून घेता, रविवारी देता. मग मायनं बघायचं कशात? मोबाइलात तुमीच टाकून दिलेल्या ह्या ॲपात!

उमाशंकर सर : मग त्यात होतंच की. हजेरी रोज भरली जाते.

शिवगंगा : म्या रोज बघत व्हते. हे बघा, हिरवं गोल. अठ्ठ्याहत्तर. हिरवं हाय म्हंजे पोर बरी हाय.

उमाशंकर सर : थांबा. ॲपचा हा पडदा, हा डॅशबोर्ड, ज्यांनी बनवला त्यांनाच बोलावतो. हुमा मॅडम! आत या. ह्या मंजुषाच्या आई, जळकोटहून आल्यात. तुम्ही यांना काय करून ठेवलंय ते सांगा.

हुमा : मी?

उमाशंकर सर : मांडणी तुमची ना? पालकाला हजेरी सापडत नाही, ही चूक कुणाची?

हुमा : मावशी, फोन द्या जरा. हे हिरवं वर्तुळ म्हणजे मागच्या महिन्यातल्या चाचणीचे मार्क. त्याच्याखाली टॉपरांचे फोटो. मग रँकचा आलेख, मग जाहिरात. अजून खाली चला... अजून. ही बघा हजेरी.

शिवगंगा : हे लाल ठिपके?

हुमा : शुक्रवारच्या आधीचे चार. सोम, मंगळ, बुध, गुरू. गैरहजर.

शिवगंगा : माय गं. म्या वरचंच बघून फोन ठेवत व्हते.

उमाशंकर सर : ऐकलंत? काय डिझाइन केलंय हे!

हुमा : सर, मी पहिल्यांदा दिलं तेव्हा सगळ्यात वर एकच ओळ होती. मोठ्या अक्षरात. ‘आज वर्गात आहे’ किंवा ‘आज वर्गात नाही’. मार्कांच्या खाली चाचणीची तारीख होती, मार्क जुने आहेत हे कळावं म्हणून. ती हजेरीची ओळ तुम्ही खाली टाकायला लावली.

उमाशंकर सर : काहीही बोलू नका.

हुमा : तुमचा मेसेज आहे माझ्याकडं. ‘गैरहजेरी बघून पालक दिवसभर फोन करतायत, हजेरी खाली घ्या, टॉपर वर घ्या.’ वाचून दाखवू?

उमाशंकर सर : ह्या महिन्यानंतर येऊ नका तुम्ही.

हुमा : नाही येत. पण चूक माझ्या नावावर टाकायची नाही. माझी एवढीच की तेव्हा गप बसले.

शिवगंगा : तुमचं भांडण तुमच्यापाशी ठेवा! पोरी, मला एक सांग. आज किती लेकरं वर्गात न्हाईत?

हुमा : बघते... एकोणीस.

शिवगंगा : आन् त्यांच्या मायला आज काय दिसायलंय?

हुमा : ज्याला जसे मार्क, तसं वर्तुळ. बहुतेकांना हिरवं.

शिवगंगा : ऐकलं का, सर?

उमाशंकर सर : ...मॅडम, ती ओळ वर घ्या. उद्यापर्यंत.

हुमा : अर्ध्या तासात घेते. पण आज ज्यांनी सकाळीच बघून फोन ठेवलाय, त्यांचं काय?

उमाशंकर सर : ऑफिसातून कुणाला तरी सांगतो.

शिवगंगा : कुनाला तरी न्हाई. तुमी लावा फोन. माझ्यासमोर. तवर म्या इथून उठत न्हाई.

उमाशंकर सर : एकोणीस फोन? मला लेक्चर आहे.

शिवगंगा : मला दवाखान्यात जायाचंय. तरी बसलेय.

हुमा : यादी उघडलीय, सर. पहिला नंबर मुखेडचा आहे. मुनीब. तीन दिवसांपासून नाही.

उमाशंकर सर : तीन? ...सांगा नंबर.

हुमा : हा घ्या. रिंग जातेय.

उमाशंकर सर : हॅलो. मुनीबच्या आई का? मी लातूरहून बोलतोय, क्लासमधून. नाही, मार्कांचं नाही... ताई, मुनीब घरी आलाय ना?